जुन्या संगणकाचे सुरक्षा अपडेट का थांबतात?

पडद्यावर ‘सर्व काही अद्ययावत’ असे दिसत असले तरी ते खरेच असते असे नाही. दोष कोठे आहे हे क्रमाने कसे शोधावे, कोणता दोष घरी दुरुस्त होतो आणि कोणता होत नाही, याविषयीची ही माहिती.

न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे काम २७ जून २०१७ रोजी ठप्प झाले. ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ नावाचे हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क या उद्योगसमूहातील कंपनी चालवीत होती. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून शिरलेला ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम मर्स्कच्या जगभरच्या जाळ्यात पसरला आणि त्याची झळ उरण तालुक्यातील या बंदरापर्यंत पोहोचली. या एका हल्ल्याने आपले २५ ते ३० कोटी डॉलरचे नुकसान झाल्याचे मर्स्कने नंतर सांगितले.

त्याआधी साडेसहा आठवडे, १२ मे २०१७ रोजी, ‘वॉनाक्राय’ने सुमारे दीडशे देशांतील संगणकांवरील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. भारतात अशा ४८ हजारांहून अधिक हल्ल्यांचे प्रयत्न आपल्या सॉफ्टवेअरने हेरल्याचे पुण्याच्या ‘क्विक हील’ या कंपनीने तेव्हा जाहीर केले. दोन्ही प्रोग्रॅमनी विंडोजमधील एकाच त्रुटीचा फायदा घेतला. संगणकांना एकमेकांच्या फाइल पाहू देणारी जी जुनी व्यवस्था आहे, तिच्यातील ही त्रुटी होती. ती बुजविणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे वॉनाक्रायच्या ५९ दिवस आधी, प्रसिद्ध केले होते. नॉटपेट्या पासवर्ड चोरूनही पसरत असल्याने त्याच्यापुढे काही अद्ययावत संगणकही टिकले नाहीत, हे खरे. परंतु वॉनाक्रायला बळी पडलेल्या संगणकांपैकी बहुसंख्य विंडोज ७ चे होते आणि त्यांच्यासाठी उपाय तयार होता. तो त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता, एवढेच.

हा प्रश्न केवळ बंदरांचा आणि बँकांचा नाही. मुंबई-ठाण्यातील घरात नवा संगणक आला की जुना बहुधा गावी जातो. उदाहरणादाखल पालघर तालुक्यातील दातिवरे घ्यावे. वैतरणेच्या मुखाशी, अर्नाळ्याच्या समोरच्या तीरावर वसलेले हे गाव. पश्चिम रेल्वेने जाणाऱ्याला सफाळे स्थानकात उतरून तेथे जावे लागते. अशा किनारी गावी पोहोचलेला जुना संगणक शोभेसाठी राहत नाही. सातबाराचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, वीजबिल, सहकारी संस्थेचा हिशेब आणि बँकेचे व्यवहार त्याच्यावरच होतात. इंटरनेट मोबाइलच्या जोडणीवरून मिळते, पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि खाऱ्या हवेचा परिणाम आतल्या जोडण्यांवर होतो. शहरात आपोआप येणारे अपडेट तेथे महिनोन्महिने येत नाहीत आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

पाच कड्यांची साखळी

सुरक्षा अपडेट संगणकात बसण्यासाठी पाच गोष्टी एकामागून एक घडाव्या लागतात. उत्पादकाने त्या प्रणालीसाठी अपडेट तयार केलेले असावे लागते. संगणकातील अपडेटची सेवा चालू असावी लागते. संगणक कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोहोचावा लागतो. आलेली फाइल खरोखर त्याच कंपनीची आहे, याची संगणकाला खात्री पटावी लागते. शेवटी ती बसविण्यास हार्ड डिस्कवर जागा आणि पुरेसा वेळ लागतो. यांपैकी एक कडी तुटली तरी परिणाम एकच दिसतो: अपडेट येत नाही. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी कोणती कडी तुटली आहे हे ठरविणे आवश्यक असते. थेट विंडोज नव्याने टाकण्याचा उपाय अनेकदा सुचविला जातो. परंतु जुन्या प्रणालीच्या बाबतीत त्यामुळे परिस्थिती अधिकच बिघडू शकते. त्याचे कारण विंडोज ७ च्या विवेचनात पुढे येईल.

प्रथम आवृत्ती ओळखावी

कळफलकावरील विंडोजचे बटण आणि ‘आर’ हे अक्षर एकाच वेळी दाबल्यास एक छोटी चौकट उघडते. तिच्यात ‘विन्व्हर’ असे, म्हणजे डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही इंग्रजी अक्षरे सलग टाइप करावीत. प्रणालीचे नाव, आवृत्ती आणि सर्व्हिस पॅक यांची माहिती समोर येते. ती पुढील तारखांशी ताडून पाहावी.

विंडोज एक्सपी: सर्वसाधारण अपडेट ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. सर्व्हिस पॅक २ चा आधार त्याहीआधी, १३ जुलै २०१० रोजी, संपला होता.

विंडोज व्हिस्टा: ११ एप्रिल २०१७.

विंडोज ७: १४ जानेवारी २०२०. सर्व्हिस पॅक १ न बसविलेल्या विंडोज ७ चे अपडेट एप्रिल २०१३ मध्येच थांबले. पैसे भरून मिळणारे वाढीव अपडेट जानेवारी २०२३ पर्यंत होते.

विंडोज ८.१: १० जानेवारी २०२३.

विंडोज १०: १४ ऑक्टोबर २०२५. वैयक्तिक ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव योजना जाहीर झाली. तिचा तपशील पुढे दिला आहे.

संगणक या यादीतील मुदत संपलेल्या गटात मोडत असेल तर नवे अपडेट न येणे हा बिघाड नव्हे. पहिली कडीच संपलेली आहे. अशा वेळी दोनच प्रश्न उरतात: मुदतीपूर्वीचे सर्व अपडेट त्यात बसले आहेत काय, आणि यापुढे तो संगणक कोणत्या कामासाठी वापरावा.

‘अद्ययावत आहे’ या वाक्याचा अर्थ

आधार संपलेल्या प्रणालीत अपडेटचा शोध घेतला तरी ‘संगणक अद्ययावत आहे’ असाच संदेश पडद्यावर येऊ शकतो. त्याचा अर्थ एवढाच की, शोधणाऱ्या सेवेला बसविण्यासारखे काही आढळले नाही. संगणक सुरक्षित आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. म्हणून हिरव्या खुणेवर विसंबून न राहता तारखा पाहाव्यात. ‘कंट्रोल पॅनल’मधील ‘प्रोग्रॅम्स अँड फीचर्स’ या विभागात ‘व्ह्यू इन्स्टॉल्ड अपडेट्स’ असा दुवा असतो. तेथे प्रत्येक अपडेटचा ‘केबी’ने सुरू होणारा क्रमांक व तो बसविल्याची तारीख मिळते.

मायक्रोसॉफ्ट आपले नियमित सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते. ऑक्टोबर २००३ पासून हा शिरस्ता आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजलेले असताना भारतात रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा होतात. तेव्हा आपल्याकडे हे अपडेट प्रत्यक्षात बुधवारी मिळतात. मुदतीत असलेल्या संगणकावरील शेवटची तारीख दोन महिन्यांहून जुनी असेल तर साखळी तुटली आहे, असे समजण्यास हरकत नाही.

घड्याळ, जोडणी आणि जागा

सर्वांत क्षुल्लक वाटणारे कारण म्हणजे चुकलेली तारीख. संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची एक बॅटरी असते. वीज नसताना घड्याळ चालू ठेवण्याचे काम ती करते. काही वर्षांनी ती संपते आणि संगणक सुरू होताना तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित जोडणीसाठी सर्व्हर जे प्रमाणपत्र दाखवितो, त्यावर ‘या दिवसापासून त्या दिवसापर्यंत वैध’ असे नोंदलेले असते. घड्याळच मागे असेल तर संगणकाच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते आणि तो जोडणी नाकारतो. तारीख, वेळ, वर्ष आणि भारताचा कालविभाग आधी दुरुस्त करावेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तारीख मागे गेलेली दिसली तर बॅटरी बदलावी. ती बाजारात स्वस्तात मिळते.

दुसरे कारण जोडणीचे. विंडोज १० मध्ये एखाद्या जोडणीवर ‘मीटर्ड कनेक्शन’ असा शिक्का असेल तर डेटा वाचविण्यासाठी बहुतेक अपडेट आपोआप उतरविले जात नाहीत. मोबाइलच्या इंटरनेटवर चालणाऱ्या संगणकात हे वारंवार आढळते. ‘सेटिंग्ज’मधील ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ येथे त्या जोडणीच्या गुणधर्मांत हा पर्याय दिसतो. महिन्याचे एक अपडेट कित्येक शे मेगाबाइटचे असू शकते. त्यामुळे डेटा मर्यादित असल्यास महिन्यातून एकदा हा पर्याय बंद करून, अपडेट पूर्ण उतरल्यावर तो पुन्हा चालू करावा.

तिसरे कारण बंद पडलेली सेवा. मघाच्याच छोट्या चौकटीत ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ ही आज्ञा इंग्रजीत टाइप केल्यास सेवांची यादी उघडते. तीत ‘विंडोज अपडेट’ ही सेवा ‘डिसेबल्ड’ असल्यास काहीच येणार नाही. बनावट प्रतींमधून टाकलेल्या विंडोजमध्ये ही सेवा अनेकदा मुद्दाम बंद केलेली असते. अशा संगणकावर सेवा चालू करूनही त्याचा भरवसा धरता येत नाही. कारण मूळ प्रतीत आणखी काय बदलले आहे हे कळण्यास मार्ग नसतो.

चौथे कारण जागेचे. ‘सी’ ड्राइव्हवर किमान दहा-पंधरा गिगाबाइट मोकळे असावेत. ‘डिस्क क्लीनअप’मध्ये ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ निवडल्यास जुन्या अपडेटचे अवशेष काढून टाकता येतात. पाचवे कारण विजेचे. अपडेट बसत असताना वीज गेली तर संगणक पुन्हा सुरू झाल्यावर केलेले बदल मागे घेतो आणि पुढच्या वेळी तोच खेळ पुन्हा सुरू होतो. यूपीएस किंवा चांगल्या बॅटरीचा लॅपटॉप नसेल तर वीज स्थिर असणारी वेळ निवडणे हाच उपाय.

अर्धवट फाइलींचे गोदाम

मधेच तुटलेल्या जोडणीमुळे अर्धवट उतरलेल्या फाइली साचून राहतात आणि नव्या अपडेटची वाट अडवितात. त्यावरचा उपाय कोणत्याही जुन्या विंडोजवर सारखाच आहे. प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. सेवांच्या यादीत ‘विंडोज अपडेट’ आणि ‘बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस’ या दोन सेवा थांबवाव्यात. नंतर ‘सी’ ड्राइव्हवरील विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’ नावाचे फोल्डर शोधून त्याचे नाव बदलावे. संगणक पुन्हा सुरू केला की विंडोज ते फोल्डर नव्याने तयार करते. अपडेटचा इतिहास दाखविणारी यादी यामुळे रिकामी दिसू लागते. परंतु बसविलेले अपडेट जातात असे नाही. काही दिवसांनी सर्व सुरळीत असल्याची खात्री झाल्यावर जुने फोल्डर काढून टाकावे.

एवढ्यानेही भागले नाही तर प्रणालीच्याच फाइली बिघडल्या असण्याची शक्यता असते. त्या तपासण्यासाठी विंडोजमध्ये ‘सिस्टिम फाइल चेकर’ हे साधन असते. विंडोज ७ साठी मायक्रोसॉफ्टने ‘सिस्टिम अपडेट रेडिनेस टूल’ हे वेगळे साधनही दिले होते. त्याचा क्रमांक केबी ९४७८२१.

विंडोज ७: सही न ओळखणारा संगणक

विंडोज ७ च्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ चौथ्या कडीत, म्हणजे खात्री पटविण्याच्या टप्प्यात, होतो. प्रत्येक अपडेटवर कंपनीची डिजिटल सही असते. ही सही पूर्वी ‘शा-१’ नावाच्या गणिती पद्धतीवर आधारलेली होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये गुगल आणि ॲमस्टरडॅम येथील एका गणित-संशोधन संस्थेच्या संशोधकांनी एकच ‘शा-१’ ठसा असलेल्या दोन वेगवेगळ्या फाइली तयार करून दाखविल्या. या पद्धतीवरील विश्वास त्यामुळे संपला. मायक्रोसॉफ्टने अधिक भक्कम अशा ‘शा-२’कडे जाण्याचे ठरविले आणि ऑगस्ट २०१९ पासून विंडोज ७ चे अपडेट केवळ ‘शा-२’ सहीने येऊ लागले.

मूळ विंडोज ७ ला ही नवी सही वाचता येत नव्हती. त्यासाठी मार्च २०१९ मध्ये दोन अपडेट देण्यात आले: केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९. ज्या संगणकांनी ती वेळेवर घेतली त्यांना अडचण आली नाही. जे संगणक त्या काळात बंद होते त्यांच्यापुढे मात्र पेच उभा राहिला. नवी सही वाचण्यासाठी अपडेट हवे, आणि जुन्या सहीचे अपडेट देणारी सेवा २०२० च्या ऑगस्टपासून बंद झालेली. मूळ सीडीवरून विंडोज ७ नव्याने टाकणाऱ्यालाही हाच अनुभव येतो. संगणक तासन्तास शोध घेतो आणि हाती काही लागत नाही. ‘८००९२००४’ हा त्रुटी-क्रमांक दिसल्यास बहुतेक वेळा हेच कारण असते.

यातून सुटण्याचा मार्ग हाताने चालावा लागतो. दुसऱ्या, अद्ययावत संगणकावरून ‘मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग’ या अधिकृत संकेतस्थळावर जावे. संगणक ३२ बिटचा असल्यास ‘एक्स ८६’ आणि ६४ बिटचा असल्यास ‘एक्स ६४’ अशी खूण असलेल्या फाइली घ्याव्यात. सर्व्हिस पॅक १ आधीपासून असणे आवश्यक आहे. त्यानंतर आधी केबी ४४९०६२८, मग केबी ४४७४४१९ बसवून संगणक पुन्हा सुरू करावा. पुढे जानेवारी २०२० चे शेवटचे सर्वसाधारण मासिक अपडेट, केबी ४५३४३१०, बसविता येते. क्रम चुकल्यास ‘हे अपडेट आपल्या संगणकाला लागू नाही’ असा संदेश येतो. तो वाचून अनेक जण प्रयत्न सोडून देतात. वास्तविक आधीची पायरी राहिली आहे एवढेच तो सांगत असतो.

विंडोज ७ ची आणखी तीन कारणे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. २०१५-१६ च्या सुमारास अपडेटचा शोध घेण्यासच कित्येक तास लागत. त्यावर आधी केबी ३०२०३६९ आणि मग जुलै २०१६ चे केबी ३१७२६०५ हा उपाय लागू पडला. एप्रिल २०१७ पासून इंटेलच्या सातव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझेन प्रोसेसर असलेल्या संगणकांवर विंडोज ७ ला अपडेट देणे थांबविण्यात आले. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधील ‘मेल्टडाऊन’ आणि ‘स्पेक्टर’ या त्रुटींवर उपाय देताना एक वेगळीच अट आली. संगणकावरील अँटिव्हायरस या उपायाशी सुसंगत असल्याची खूण विंडोजच्या रजिस्ट्रीत असेल तरच सुरक्षा अपडेट मिळत. जुना, मुदत संपलेला अँटिव्हायरस ही खूण करीत नसे. संरक्षणासाठी ठेवलेले सॉफ्टवेअरच अशा रीतीने अपडेटच्या आड आले. मार्च-एप्रिल २०१८ मध्ये ही अट काढण्यात आली. परंतु त्या काळात मागे पडलेले काही संगणक पुढेही मागेच राहिले. नाव ठाऊक नसलेला किंवा नूतनीकरण न झालेला अँटिव्हायरस काढून मग अपडेटचा शोध घेणे, हा प्रयोग म्हणूनच करून पाहण्यासारखा असतो.

एक्सपी: अपवादाने मिळालेले ठिगळ

पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला, त्याच्या जवळजवळ चार महिने आधी एक्सपीचा आधार संपला होता. जिल्ह्याच्या वयाएवढा काळ एक्सपीला नियमित सुरक्षा अपडेट मिळालेले नाही, असा याचा अर्थ. तरीही ती वापरातून लगेच गेली नाही. बँकांच्या एटीएम यंत्रांत ती इतकी रुजली होती की, रिझर्व्ह बँकेला २१ जून २०१८ रोजी परिपत्रक काढून मुदती ठरवून द्याव्या लागल्या. एक्सपीसारख्या आधार संपलेल्या प्रणालींवरील एटीएमपैकी २५ टक्के सप्टेंबर २०१८ पर्यंत, ५० टक्के डिसेंबरपर्यंत, ७५ टक्के मार्च २०१९ पर्यंत आणि उरलेली सर्व जून २०१९ पर्यंत बदलण्यास बँकांना सांगण्यात आले.

मुदत संपल्यावर काय घडू शकते याचे बोलके उदाहरण २०१० मधील आहे. ‘स्टक्सनेट’ हा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हमधून पसरत असे. त्यासाठी वापरलेली त्रुटी बुजविणारे अपडेट २ ऑगस्ट २०१० रोजी आले. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ चा आधार त्यापूर्वी केवळ वीस दिवस संपला होता. सर्व्हिस पॅक ३ न घेतलेल्या संगणकांना ते अपडेट मिळाले नाही.

एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून काही अपडेट नंतर दिले. वॉनाक्रायच्या दुसऱ्या दिवशी केबी ४०१२५९८ आले, तर मे २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ या त्रुटीसाठी केबी ४५००३३१ देण्यात आले. ही आपोआप येणारी नव्हती, ती शोधून बसवावी लागत. त्यामुळे २०१४ नंतर चालू राहिलेल्या बहुतेक एक्सपी संगणकांत ती नसण्याचीच शक्यता अधिक. एखाद्या यंत्रासाठी एक्सपी ठेवणे भागच असेल तर निदान ही दोन अपडेट त्यात आहेत का, हे पाहावे.

विंडोज १०: मुदतीच्या काठावर

विंडोज १० च्या अनेक संगणकांत अपडेट थांबण्याचे कारण साधे असते: ते एखाद्या जुन्या आवृत्तीवर अडकलेले असतात. ‘२२एच२’ ही तिची अखेरची आवृत्ती होय. ‘विन्व्हर’मध्ये याहून जुनी आवृत्ती दिसल्यास आधी तेथपर्यंत पोहोचावे लागते. ३२ गिगाबाइटच्या स्वस्त लॅपटॉपवर जागेअभावी हेच होत नाही.

जानेवारी २०२४ मधील केबी ५०३४४४१ या अपडेटने ‘८००७०६४३’ हा त्रुटी-क्रमांक घरोघर पोहोचविला. दुरुस्तीसाठी राखून ठेवलेल्या डिस्कच्या छोट्या भागात २५० मेगाबाइट मोकळी जागा नसेल तर ते बसत नसे. पडद्यावर मात्र जागेचा उल्लेखही नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची जागा दुसऱ्या अपडेटने घेतली. हा जुना अपयशी शिक्का इतिहासात दिसत असला तरी इतर मासिक अपडेट बसत असल्यास घाबरण्याचे कारण नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ नंतरच्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदविण्यासाठी ‘२२एच२’ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते यांची अट घालण्यात आली. विंडोज बॅकअपद्वारे सेटिंग्ज जुळवून विनाशुल्क, कंपनीचे एक हजार रिवॉर्ड गुण देऊन, किंवा ३० डॉलर भरून, असे तीन मार्ग होते. ‘सेटिंग्ज’मधील विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाऊ’ हा दुवा न दिसण्याची किंवा दिसूनही बंद पडण्याची तक्रार आढळली. ऑगस्ट २०२५ च्या केबी ५०६३७०९ ने आणि नोव्हेंबर २०२५ मधील एका तातडीच्या अपडेटने यांतील दोष दूर केले. त्यामुळे दुवा नसेल तर आधी राहिलेले सर्व अपडेट घेऊन संगणक पुन्हा सुरू करावा. घरातील लॅपटॉप एखाद्या कार्यालयाच्या डोमेनला जोडलेला असल्यास ही ग्राहक योजना त्याला लागू होत नाही.

आणखी एक तारीख नजरेआड करू नये. संगणक सुरू होतानाच खऱ्या-खोट्याची पारख करणाऱ्या ‘सिक्युअर बूट’ या व्यवस्थेची २०११ मधील प्रमाणपत्रे जून २०२६ पासून क्रमाक्रमाने मुदतबाह्य होतात. नवी प्रमाणपत्रे विंडोज अपडेटमधूनच देण्याची व्यवस्था ठरली. वाढीव योजनेबाहेर राहिलेल्या विंडोज १० च्या संगणकांना ती त्या मार्गाने मिळत नाहीत.

उपाय संपल्यावर

काही संगणकांना नवे अपडेट मिळणार नाहीत, हे मान्य करावे लागते. बोईसर-तारापूरसारख्या औद्योगिक पट्ट्यात असा संगणक एखाद्या महागड्या यंत्राला जोडलेला असू शकतो आणि यंत्राचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नसते. अशा वेळी तो फेकून देणे शक्य नसते; पण त्याला इंटरनेटपासून आणि कार्यालयाच्या इतर संगणकांपासून वेगळे ठेवणे शक्य असते. फाइल देवघेवीची जुनी व्यवस्था, म्हणजे ‘एसएमबी’ची पहिली आवृत्ती, बंद करावी. राऊटरवर ४४५ क्रमांकाचे द्वार बाहेरच्यांसाठी बंद आहे याची खात्री करावी. बाहेरचा पेन ड्राइव्ह त्यात लावू नये. इंटरनेट नसलेला संगणकही सुरक्षित नसतो, हे स्टक्सनेटने दाखवून दिलेच आहे. माहितीची प्रत नियमित घ्यावी आणि घेतल्यानंतर ती डिस्क काढून ठेवावी. जोडलेली राहिलेली डिस्कही खंडणीखोर प्रोग्रॅम कुलूपबंद करतात.

घरगुती संगणकाचा विचार वेगळा. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलच्या आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. जुने संगणक येथे अडतात. त्यांच्यासाठी लिनक्स हा व्यवहार्य पर्याय आहे. ‘सी-डॅक’ने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे. मात्र लिनक्सच्याही प्रत्येक आवृत्तीला मुदत असते, तेव्हा जी निवडाल तिची अखेरची तारीख आधी पाहावी. ब्राउझरचाही विचार हवा. गुगल क्रोमने विंडोज ७ आणि ८.१ साठीची आवृत्ती १०९ नंतर, फेब्रुवारी २०२३ मध्ये, थांबविली. अशा ब्राउझरवरून बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कुलूप नसलेल्या कपाटात दागिने ठेवण्यासारखे आहे.

अपडेट मिळत नसल्याच्या नादात एक नवी चूक होऊ शकते. शोध घेताना ‘मोफत अपडेट’ देणारी अनोळखी संकेतस्थळे समोर येतात. दूरध्वनीवरून ‘आपल्या संगणकात व्हायरस आहे’ असे सांगून त्याचा ताबा मागणारेही भेटतात. अपडेट फक्त विंडोजच्या आतून किंवा कंपनीच्या अधिकृत कॅटलॉगमधूनच घ्यावे. डाऊनलोड केलेल्या फाइलच्या गुणधर्मांत ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा भाग असतो. त्यात मायक्रोसॉफ्टचे नाव नसल्यास ती फाइल उघडू नये. आर्थिक फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवावे.

थोडक्यात तपासणीचा क्रम

१. ‘विन्व्हर’मध्ये आवृत्ती पाहून मुदत ताडावी.
२. शेवटच्या अपडेटची तारीख पाहावी. हिरव्या खुणेवर विसंबू नये.
३. घड्याळ, कालविभाग आणि मदरबोर्डची बॅटरी तपासावी.
४. मीटर्ड जोडणी, बंद सेवा आणि डिस्कवरील जागा पाहावी.
५. माहितीची प्रत घेऊन ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’ फोल्डरचे नाव बदलावे.
६. विंडोज ७ असल्यास सर्व्हिस पॅक १ आणि ‘शा-२’ची दोन अपडेट आहेत का, हे पाहावे.
७. विंडोज १० असल्यास ‘२२एच२’ आवृत्ती आणि वाढीव योजनेतील नोंदणी तपासावी.
८. काहीच लागू पडत नसेल तर संगणक इंटरनेटपासून वेगळा करून बँकेचे व्यवहार दुसरीकडे न्यावेत.

जुना संगणक गावी पाठविण्यापूर्वी ही तपासणी शहरातच, चांगल्या जोडणीवर, पूर्ण करून घेणे श्रेयस्कर. तेथे तो लावून दिल्यानंतरच्या पहिल्या दुसऱ्या बुधवारी अपडेटची तारीख पुढे सरकली आहे का, एवढे घरच्यांना फोनवर विचारावे.